एकटीनं चढवायची ट्रॉली

ट्रॉली घ्यायला मी उदगीरला निघाले, त्या सकाळी 'नको जाऊस' म्हणायलाही घरात कुणी नव्हतं. मालक जाऊन वर्ष होत आलं होतं. पोरगा पुण्याला. देवणीजवळच्या आमच्या शेतातली विहीर पार तळाला गेलेली. गावात टँकर आला की मी एका माणसाचं पाणी घेऊन घरी यायचे. एका माणसाला असं किती लागतंय? पण रांगेत उभं राहायला तेवढाच वेळ लागतो, आणि रांगेतल्या बायका आपापल्या घरच्यांना हाका मारत असतात.

आमच्याकडं एक छोटा ट्रॅक्टर होता, फळबागेतल्या दोन ओळींमधून सहज जाईल असा. तो घेऊन आम्ही दोघं लोकांच्या बागांत मशागतीला जायचो. हो, मीही चालवते. गावानं आधी तोंडात बोटं घातली, मग त्यांची बोटं दुखली असतील, गप झाले. त्या दुष्काळात आमच्या भागातल्या बागा वाळून गेल्या. काम उरलं होतं ते नांदेडकडं, अर्धापूरच्या केळीत. तेवढ्या लांब हा एवढासा ट्रॅक्टर रस्त्यानं चालवत नेणं म्हणजे येडेपणा. आधी भावकीतल्या एकाचा टेम्पो मिळायचा, तो त्यानं विकला. आमची जुनी जीप होती. तिच्यामागं जोडायला ट्रॉली पाहिजे होती.

लेकाचं म्हणणं निराळंच. उदगीर जिल्हा होणार अशी तेव्हा हवा उठली होती. चहाच्या टपरीवर बसून लोकांनी कलेक्टर कचेरीची जागासुद्धा ठरवून टाकली होती. रस्त्याकडेच्या जमिनीला भाव आला, आणि आमची जमीन रस्त्याकडेला. रोज फोनवर तेच : आई, विकून टाक आणि इकडं ये. जिल्ह्याचा पत्ता नाही आणि यांचे प्लॉट पाडून झाले! बाजारात तुरी, दुसरं काय. मी भांडायचे. शेवटी एकदा तोही तापला.

"त्यो ट्रॅक्टर एकटीनं ट्रॉलीत चढवून दाखव," म्हणला. "मग मी जमिनीचं नाव काढणार न्हाई. न्हाई जमलं तर गुमान विकायचं."

मी म्हणलं, ठरलं.

उदगीरच्या त्या वेल्डिंगच्या दुकानात दोन ट्रॉल्या तयार होत्या. पहिली साधी, सपाट, मागं लावायला दोन सुट्या लोखंडी फळ्या. हलकी होती, जीपला ओढायला सोपी. मला ती बघताक्षणी आवडली, कारण आमचं सगळं तसंच चालायचं. मालक फळ्यांवरून ट्रॅक्टर टेम्पोत घालायचे आणि मी मागं दगड घेऊन उभी. ट्रॅक्टर घसरला की चाकामागं दगड टाकायचा.

दुकानदारानं विचारलं, "अक्का, चढवताना मागं कोन ऱ्हातंय?"

"हायत की घरचे," मी म्हणलं. जीभ अडखळली नाही.

दुकानात दुरुस्तीला आलेला तसलाच एक ट्रॅक्टर होता. घ्यायच्या आधी चढवून बघा म्हणला. मी बसले, तो मागं उभा राहिला. पुढची चाकं फळ्यांवर गेली, तोंड वर उठलं, आणि मला काही दिसेना. फळ्या दिसेनात, ट्रॉली दिसेना. मागनं तो म्हणत होता, "येऊ द्या, येऊ द्या." मी ब्रेक दाबला तो सोडवेना. इतकी वर्षं हे 'येऊ द्या' मी म्हणत आले होते. वर बसलेल्या माणसाला काहीच दिसत नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. माझा माणूस नुसत्या माझ्या आवाजावर चढत होता, आणि मी उलट त्यालाच बोलायचे, किती भितो म्हणून.

मी ट्रॅक्टर मागं घेतला. खाली उतरले आणि दुकानदाराला सरळ सांगितलं, घरात कुणी नाही. त्यानं चहा मागवला आणि दुसरी ट्रॉली दाखवली.

तिचा सांगाडाच झुकायचा. खिट्टी काढली की मागचं टोक जमिनीला टेकायचं. ट्रॅक्टर सरळ वर घ्यायचा, मध्य ओलांडला की वजनानंच पुढचं टोक खाली बसायचं, मग उतरून खिट्टी घालायची. फळ्या नकोत, दगड नको, मागं माणूस नको. भारी वजनदार होती. चढावर जीप कण्हणार हे दिसतच होतं. पण आपला हात जगन्नाथ. तीच घेतली.

घरी आणली आणि अंगणाबाहेर ट्रॅक्टर चढवायला घेतला. खरं सांगते, मनातनं वाटत होतं, चढू नये. अडकावा, घसरावा, शेजारच्या कुणाला तरी हाक मारायला लागावी. पण तो पहिल्या झटक्यात चढला. ट्रॉली धपकन सरळ झाली. मी खिट्टी घातली आणि तिथंच चाकाला टेकून लई रडले. एकटीचं सगळं काम एकटीनं झालं होतं, आणि बघायला कुत्रंसुद्धा नव्हतं.

मग तोंड धुतलं आणि लेकाला फोन लावला. चढला म्हणलं. एकटीनं का, त्यानं विचारलं. एकटीनं, मी म्हणलं.

मग म्हणला, "बरं झालं आई. आता तुझी काळजी न्हाई."

शब्दाचा पक्का आहे पोरगा, बापावर गेलाय. त्यानंतर त्यानं जमिनीचं नाव काढलं नाही. आणि इकडं ये, असंही कधी म्हणला नाही. अर्धापूरच्या केळीत दुपारी भाकरीचं फडकं सोडून बसले की त्याचा फोन यायचा. जीप बरी हाय का, जेवलीस का, तिकडं पाणी हाय का, सगळं विचारायचा. मी बोलणं लांबवत राहायचे. ये म्हणला असता तर मी पुन्हा भांडलेच असते, नाहीच म्हणलं असतं. पण त्यानं म्हणायला पाहिजे होतं.