जिंकलेल्यांनी पाडलेला मांडव

मी बऱ्हाणपुरातल्या एका शाळेत गणित शिकवतो, पण आसपासच्या गावांत मला गणितासाठी कोणी ओळखत नाही. ओळखतात ते माइकवरच्या आवाजासाठी. हिवाळ्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू झाल्या की दर रविवारी कुठून तरी बोलावणं येतं आणि मी सिंधीपुऱ्यातल्या घरून मोटरसायकलवर निघतो. कॉमेंट्री हिंदीतून करायची अशी इकडे पद्धत. मीही सुरुवात हिंदीतूनच करतो, पण सामना रंगला की मराठीत कधी शिरलो ते माझं मलाच कळत नाही. ऐकणाऱ्यांनाही कळत नाही. त्यांच्या घरीही तसंच चालतं.

त्या वर्षी शाहपूरच्या बाहेर, केळीच्या मळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत स्पर्धेचा शेवटचा सामना होता. एका बाजूला शाहपूरचा संघ, दुसऱ्या बाजूला डोईफोडियाच्या पुढचं, जंगलाला लागून असलेलं एक छोटं गाव. त्या गावात माझी ताई दिलेली आहे, आणि त्या संघाचा कॅप्टन म्हणजे तिचा धाकटा दीर. गावात त्याची पिठाची गिरणी आहे. त्यांचा संघ इथवर येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. खुद्द कॅप्टनने मला आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं की उपांत्य सामन्यातच हरू असं धरून त्याने गिरणीवर दळणाच्या गोण्या घेऊन ठेवल्या होत्या आणि आता लोक ओरडताहेत.

गावातून चार ट्रॅक्टर भरून माणसं आली. ताईही आली, शेजारच्या बायकांना घेऊन. मैदानाच्या एका कडेला मोठा मांडव होता. अर्ध्यात बक्षिसाचं टेबल आणि पाहुण्यांच्या खुर्च्या, मध्ये कापडी कनात, आणि उरलेल्या अर्ध्यात बायकांची बसायची जागा, तिच्या बाजूंनाही तशीच कनात. मी त्या मांडवासमोर, बांबू आणि फळ्यांच्या उंच माचावर. तिथून मला सगळं दिसायचं. ताई पुढच्याच रांगेत बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं तर तिने हात हलवला नाही. भाऊ तिऱ्हाईत असल्यासारखा चेहरा केला, म्हणजे मी दोन्ही संघांना सारखं मोजावं.

मी प्रयत्न केला. पण शेवटच्या षटकात ते कोणाला जमलं असतं? शाहपूरचा गोलंदाज आडदांड होता, त्याचा चेंडू डोळ्याला दिसायच्या आधी बॅटच्या मागे जायचा. समोर आमचा कॅप्टन, गिरणीवाला, बारीक अंगाचा. शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या. ढोलवाल्यांनीसुद्धा हात थांबवले. माझा घसा बसत आला होता, तरी मी बोलतच होतो. चेंडू आला, कॅप्टनने तो कसा उचलला ते मला आजही सांगता येणार नाही, पण तो मिडविकेटवरून वर गेला, सीमेवरच्या माणसाच्या हातांवरून गेला आणि थेट केळीत पडला. पानांचा आवाज माचावर ऐकू आला. मी माइकमध्ये काय म्हणालो ते आठवत नाही. लोक सांगतात, मी नुसता "गेला, गेला, गेला" करत होतो.

मग मैदान भरलं. कडेची दोरी कुठे गेली ते कळलं नाही. कॅप्टनला कोणी तरी खांद्यावर घेतलं, ढोल सुरू झाले, गुलाल उडाला. मी वर उभा राहून नाचत होतो, फळ्या करकरत होत्या. माझ्या पायांना आतून काही तरी ढकलत होतं. उडी मारून त्या माणसांत जावं, कशाला तरी हात घालावा, असं वाटत होतं. कशाला, ते नव्हतं माहीत.

पहिल्यांदा कोणी तरी स्टंप उपटला. तो आठवण म्हणून घरी नेतात, त्यात नवल नव्हतं. स्टंप वर धरल्यावर सगळे ओरडले. मग दुसरा उपटला, पुन्हा ओरडले. मग खेळपट्टीवरची मॅट उचलून दोन्हीकडून ओढली, ती फाटली, आणि या वेळचा आवाज कॅप्टनच्या षटकाराला मिळाला होता तेवढा मोठा होता. तेव्हा मला थोडं लक्षात आलं. सामना संपला होता, पण दिवसभर चौकार-षटकारांवर ओरडायची सवय लागलेल्या माणसांना आणखी एक हवा होता. आता चेंडू टाकणारं कोणी नव्हतं, म्हणून जे तुटेल तोच चौकार.

धावफलक पडला. सीमेवरचे झेंडे गेले. आणि एक गोष्ट मला वरून स्वच्छ दिसली, ती खालून कोणाला दिसली नसती. तिथे रागावलेलं कोणीच नव्हतं. शाहपूरचे, म्हणजे हरलेले, तेही त्यातच होते. आडदांड गोलंदाज स्वतः एका झेंड्याची काठी गुडघ्यावर मोडत होता आणि हसत होता. कोणी कोणाला मारत नव्हतं. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते आणि पुढचं काय तोडायचं ते शोधत होते.

मग ते मांडवाकडे वळले.

पहिल्यांदा पाहुण्यांच्या बाजूचे खांब हलले. मांडव एकच होता, त्यामुळे इकडचा खांब हलला की तिकडे बायकांच्या डोक्यावरचं कापड थरथरायचं. बाहेर पडायची वाट नेमकी गर्दीच्या अंगाला होती. बायका उठून उभ्या राहिल्या होत्या, लेकरं कडेवर घेतली होती. ताई मला दिसत नव्हती.

मी माइकवर सांगितलं की मागे व्हा, आत बायका-मुलं आहेत. खालून मोठा जल्लोष झाला. त्यांना माझा आवाज ऐकू आला, शब्द नाही. दिवसभर ज्या आवाजावर ते ओरडत होते तोच आवाज होता, म्हणून ते पुन्हा ओरडले. तेवढ्यात स्पर्धा भरवणारे गृहस्थ माचावर चढले, त्यांनी माइक माझ्या हातातून घेतला आणि पोलिसांना बोलावण्याची धमकी दिली. त्यावर आणखी मोठा जल्लोष झाला. ते गृहस्थ घाबरून माइक माझ्या हातात परत देऊन खाली बसले.

मला दुसरं काही येत नाही. मला फक्त कॉमेंट्री येते. म्हणून मी ती सुरू केली, संथ, सकाळच्या पहिल्या षटकाला करतो तशी.

"बायकांच्या बाजूच्या खांबाशी उभे आहेत पिवळ्या टोपीतले भाऊ," मी म्हणालो. "दोन्ही हात बांबूवर. डावा पाय पुढे. भाऊ जोर लावताहेत. भाऊ, जरा आत बघा, तुमच्या घरचं कोणी बसलंय का?"

पिवळ्या टोपीवाल्याने आधी इकडेतिकडे बघितलं, दुसरा कोणी पिवळ्या टोपीचा आहे का म्हणून. मग त्याने वर माझ्याकडे पाहिलं. त्याच्या बाजूची चार माणसं त्याच्याकडे बघून हसली. त्याने बांबूवरचे हात काढले आणि काय करावं ते न कळून पँटला पुसले.

मी पुढे गेलो. "त्यांच्या मागे लाल मफलरवाले काका. वय झालं तरी ताकद भारी आहे." काकांनी मफलर गळ्यातून काढून शर्टात कोंबला. "काका, मफलर लपवला तरी मिशा दिसतात." आता हसणारे वाढले. निळा स्वेटर, चौकड्यांचा शर्ट, एका हातात बूट धरलेला उंच मुलगा, असं एकेकाला घेत गेलो. ज्याला घेतलं त्याचे हात सुटत होते. त्या एका खांबापाशी जागा मोकळी झाली, कनात उचलली गेली आणि बायका त्या फटीतून मळ्याच्या बाजूला निघाल्या.

दुसऱ्या टोकाला मात्र माझं काही चाललं नाही. तिथल्या माणसांच्या पाठी माझ्याकडे होत्या आणि ढोल मध्येच होता. पाहुण्यांच्या बाजूचा मांडव हळूहळू कलंडला, दोऱ्या एकामागून एक तुटल्या आणि सगळं कापड रिकाम्या खुर्च्यांवर आणि बक्षिसाच्या टेबलावर येऊन पडलं. धूळ उठली. एक शेवटची आरोळी झाली आणि मग सगळे तिथेच उभे राहिले. आता तोडायला काही नव्हतं. कोणी कोणाच्या नजरेला नजर देत नव्हतं. एका माणसाच्या पायावर बांबू पडला होता, त्याला लोक फार हळुवारपणे उचलून सावलीत नेत होते. तेच लोक.

कॅप्टन मला माचाखाली सापडला. एक चप्पल नव्हती, शर्टाची बाही खांद्यापासून उसवली होती. तो मघापासून खाली उतरवा म्हणून ओरडत होता, पण ज्यांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं त्यांनाही ते ऐकू गेलं नव्हतं.

"मी पडलो असतो ना दादा," तो मला म्हणाला, "तर माह्याच अंगावर माह्या नावाने नाचले असते."

आम्ही दोघं ताईला शोधायला निघालो. बायका मळ्याच्या बांधावर बसल्या होत्या. कोणाला लागलं नव्हतं. ताईचा अंबाडा सुटला होता, चेहरा लाल झाला होता आणि तिच्या मुठीत कनातीच्या कापडाचा हातभर लांब पट्टा होता. मला वाटलं, बाहेर पडताना अडकून फाटला असेल. मी तसं विचारलं.

"नाही रे. बाहेर आल्यावर फाडला. मीच."

ही माझी ताई. घरी उशीची खोळ विरली तरी ती टाका घालते.

"कशासाठी?"

ती विचार करू लागली. तिला खरंच सांगायचं होतं. "तुले काय सांगू. एवढं भरून आलं होतं, की आपण जिंकलो. मग त्या भरल्याचं काय करावं ते समजेना. नाचता मले येत नाही. ओरडून गळा बसला. हातात कापड आलं, ओढलं, ते टर्रकन फाटलं, आणि लय बरं वाटलं." मग तिने पट्ट्याकडे पाहिलं. "आता नाही वाटत."

कॅप्टन खाली बघून हसत होता. ताईने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि चौकार नीट मारता आला असता तर चेंडू केळीत शोधावा लागला नसता, असं ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माइकचं सामान आणायला गेलो तर मैदानात माणसं होती. मांडववाला एकटाच सगळं गोळा करत असेल असं मला वाटलं होतं. पण कॅप्टन ट्रॅक्टर घेऊन आला होता, आडदांड गोलंदाज बांबू निवडत होता, आणि बऱ्याच जणांना कोणी बोलावलंही नव्हतं. मोडकी खुर्ची कोणी उचलली की तो ती जरा जास्तच सांभाळून ठेवायचा. पिवळ्या टोपीवालाही होता, टोपी न घालता. मी त्याला ओळखलं, त्यालाही ते कळलं.

त्याने माझ्यासाठी चहा आणला. आम्ही पडलेल्या फळीवर बसलो. तो शाहपुरातच गाड्यांचे पंक्चर काढतो असं म्हणाला.

"सर, मी खांब हलवतोय असं मला वाटतच नव्हतं," तो म्हणाला. "खांब हलतोय आणि आपण तिथे आहोत, एवढंच. तुम्ही टोपी बोललात तेव्हा समजलं, ये तो मैं हूँ."

आत त्याची दोन्ही लेकरं बसली होती, त्याच्या आईबरोबर. ते त्याला आदल्या संध्याकाळी घरी गेल्यावर समजलं.

पुढच्या हिवाळ्यात शेवटच्या सामन्याला मला पुन्हा बोलावलं. मांडव या वेळी मैदानापासून लांब, रस्त्याच्या बाजूला घातला होता आणि त्याला दोन्हीकडून वाटा ठेवल्या होत्या. मी आधीच अट घातली होती की शेवटचा चेंडू पडला की माइक बंद करायचा नाही आणि ढोल एका जागी उभा ठेवायचा नाही. सामना संपला, या वेळी शाहपूर जिंकलं, आणि मी लगेच सगळ्यांना ढोलाच्या मागे मैदानाची फेरी घालायला लावली. एक झाली, मग दुसरी, मग तिसरी. पिवळी टोपी, लाल मफलर, सगळ्यांना मी मधूनमधून हाक मारत होतो. तिसऱ्या फेरीला लोकांचे पाय जड झाले आणि ते पाणी प्यायला पांगले. दोन खुर्च्या मोडल्या, त्याही वजनाने.

खोटं कशाला सांगू, माचावरून उतरताना मला काही तरी अर्धवट राहिल्यासारखं वाटत होतं. खाली ताई भेटली. तिचा संघ लवकर बाहेर पडला होता, तरी ती सामना बघायला आली होती. आम्ही मोटरसायकलपर्यंत चालत गेलो.

"या वर्षी काही तुटलं नाही," ती म्हणाली. ते कौतुक होतं की तक्रार, हे मी तिला विचारलं नाही.