आजोळ विचारणारे चाचा

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळी सात. हजर: नवा मॅनेजर, जनावरांचे डॉक्टर, राखणदार चाचा आणि फार्मचा हिशेब ठेवणारी मी. कुंपणाआड तेवीस अल्पाका. उंटाच्या कुळातलं पण ठेंगणं, अंगभर लोकर असलेलं हे जनावर. मालक गैरहजर.

मॅनेजरने हात पुढे केला. चाचांनी तो दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "आजोळ कुठचं?"

ओळख होताच गाव, आडनाव, पगार विचारणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. चाचा त्यातलं काही विचारत नसत. आईचं माहेर कळलं की त्यांना माणूस कळायचा. मला विचारलं तेव्हा मी कराड म्हटलं होतं. "मग तुमच्यापुढे कोणाचं चालायचं नाय," असं म्हणून ते पाणी भरायला निघून गेले होते.

मॅनेजर पुण्याचा, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्याला अहोजाहो करायचं मी सोडून दिलं आहे. तो हसून म्हणाला, "चाचा, माझा सीव्ही मालकांकडे आहे. आजोळ त्यात नाही."

"तेच तर," चाचा म्हणाले.

चाचा दापोलीकडचे. इथे बहरीनच्या जुन्या बाजारात, बाब अल बहरीनजवळच्या एका कापडाच्या दुकानात पंधरा वर्षं काढून ते या फार्मवर आले. येताना दुकानातली सवय घेऊन आले. प्रत्येक मादीच्या गळ्यात ते कापडाची रंगीत पट्टी बांधत. आईची जी पट्टी तीच लेकीची, तीच नातीची. लाल घराणं, हिरवं घराणं, पिवळं घराणं. नर त्यांच्या लेखी पाहुणा होता. "बाप दोन मिनिटांचा," असं ते डॉक्टरांसमोर बिनदिक्कत सांगत, आणि मग माझ्याकडे बघून "माफ करा ताई" म्हणत.

पिवळ्या घराण्याची मूळ बाई म्हणजे सुलताना. तपकिरी, जाड्याभरड्या लोकरीची, दिसायला अगदीच सामान्य. पण तिची, तिच्या दोन लेकींची, तीन नातींची एकही वीण कधी बिघडली नाही. सकाळी नऊ-दहाला व्यायच्या, पिल्लू धडपडत उभं राहिलं की पाय फाकवून शांत उभ्या राहायच्या. एका हिवाळ्यात एका पांढऱ्या मादीने आपल्या पिल्लाला लाथ मारली. अल्पाका सहसा दुसरीचं पिल्लू जवळ येऊ देत नाही. सुलतानाच्या थोरल्या लेकीने दिलं. चाचा तिच्या मानेवर कपाळ टेकवून उभे होते. मी तेव्हा लोकरीच्या पिशव्या मोजत होते. तरी ते माझ्या लक्षात राहिलं.

मार्चमध्ये लोकर कातरली. एप्रिलमध्ये चाचा मुलीच्या लग्नासाठी चाळीस दिवसांच्या रजेवर गेले. त्याच आठवड्यात मॅनेजरने ठरवलं की उन्हाळ्यात गार शेडमध्ये जास्तीत जास्त सतरा जनावरं मावतात, सहा काढायची. माझ्याकडे यादी मागितली.

यादी माझ्याकडे तयारच होती. नंबर, वय, रंग, लोकरीचं वजन, बापाचं नाव. सगळ्या फॉर्मांवर बापाचं नाव असतं म्हणून मीही रकाना ठेवला होता. इथे जन्मलेल्या सगळ्यांचा बाप एकच, म्हणून त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नाव. आईचा रकाना मी काढून टाकला होता. तक्ता एका पानात बसत नव्हता.

मॅनेजरने लोकरीच्या वजनाने यादी लावली आणि तळाच्या सहांवर रेघ मारली. सहाच्या सहा पिवळ्या. गाडीत चढवताना पट्ट्या कापल्या आणि कचऱ्यात टाकल्या. मी पाच मिनिटांत विक्रीची पावती बनवली आणि घरी गुदैबियाला जाऊन भाजी निवडली. मला काही म्हणजे काहीच खटकलं नाही. याचा राग मला अजून येतो.

चाचा रजेवरून आले ते लग्नाचे लाडू घेऊन. डबा माझ्या टेबलावर ठेवून थेट शेडकडे गेले. परत आले तेव्हा मॅनेजर माझ्यासमोरच बसला होता.

"सुलताना कुठे हाय?"

"चाचा, खलास. लोकर बघा ना तिची. नवा नर मागवलाय, चॅम्पियन आहे, सगळं सुधारेल."

"चॅम्पियन दूध देणार?"

मॅनेजर मोठ्याने हसला. चाचा हसले नाहीत. लाडूचा डबा त्यांनी उघडला, एक माझ्यापुढे ठेवला, एक त्याच्यापुढे. रागावलेल्या माणसाने असं वागू नये, समोरच्याला फार सोपं जातं.

जानेवारीत विणी सुरू झाल्या. दोघींना दूध नव्हतं, दोघींनी पिल्लांना जवळ येऊ दिलं नाही. चाचा बाटल्या धुवत, भरत, पाजत राहिले. तरी तीन पिल्लं गेली. मॅनेजरने रिपोर्टमध्ये लिहिलं, 'राखणदाराचा निष्काळजीपणा.' मी केबिनमध्ये जाऊन हे खोटं आहे असं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या शीटवरूनच तर सिलेक्शन केलं होतं. काढू का तो विषय?"

मी दार बंद करून बाहेर आले. चाचांचा व्हिसा रिन्यू झाला नाही.

विमानतळावर मीच सोडलं त्यांना. वाटेत ते म्हणाले, "त्या पोराने कसली यादी केली, अल्ला जाणे. तुम्ही केली असतीत ना ताई, तर असं झालं नसतं."

मी सिग्नलकडे बघत राहिले. सिग्नल हिरवा होता.

मागच्या आठवड्यात मी मॅनेजरला वगळून मालकांना भेटले. रिपोर्ट खोटा आहे हे सांगितलं, यादी कोणाची तेही सांगितलं. मालक म्हणाले, सुलतानाचं घराणं कोणतं ते कागदावर दाखवा, परत आणू, आणि तुमचा माणूसही बोलावू. सहाही जनावरं मी शोधली आहेत. दोन अमवाजच्या एका व्हिलात, चार बुदैयाजवळच्या एका बागेत. पण कानातले नंबर नव्या मालकांनी बदलले, आणि तिथे आणखीही तपकिरी माद्या आहेत. फोटो बघून कोण कोणाची लेक हे सांगणारा माणूस एकच आहे.

आजची कामं: फोटो काढणे, झालं. आईचा रकाना घालून नवा तक्ता करणे, झालं. डॉक्टरांची सही, झाली. चाचांना फोन करून आधी यादी माझी होती हे सांगणे, मग फोटो पाठवणे.

सकाळी नऊला दापोलीत साडेअकरा वाजले होते. म्हटलं, कामात असतील. आता इथे दोन वाजलेत. तक्त्यात आईच्या रकान्यातली सहा घरं रिकामी आहेत.