विमानातल्या भावाची जालन्यात सही

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, आजही नाही. तीर्थपुरीजवळच्या शाळेत मी भूगोल शिकवते. अंतर, वेळ, नकाशा... हेच माझं रोजचं काम. म्हणून आधी आकडे देते, मग काय हसायचं ते हसा.

सिडनी ते मुंबई साधारण दहा हजार किलोमीटर. सिंगापूरला विमान बदलून पंधरा-सोळा तास. मुंबईहून जालना गाडीने आणखी सहा-सात. माझा धाकटा भाऊ युसूफ त्या दिवशी आपल्या घड्याळाने पहाटे पाचला सिडनीहून निघाला होता.

निघाला तो अब्बांसाठी. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये उभी हयात काढलेला माणूस, आतडं फुटून जालन्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये पडला होता. डॉक्टर म्हणाले, दुपारच्या आत ऑपरेशन करा, नाहीतर आशा सोडा. पण अम्मी अशीच ऑपरेशनला आत गेली होती, ती परत आलीच नव्हती... अब्बा हट्टालाच पेटले.

"युसूफ आल्याबिगर पोटाला हात लावू देणार न्हाई."

"अब्बा, तो उद्या सकाळी पोचेल. तोवर..."

"मंग उद्या करा."

साडेदहाला मी रक्ताची पिशवी आणायला ब्लड बँकेत गेले. सव्वाअकराला परतले तर अब्बा स्ट्रेचरवर, ऑपरेशन थिएटरच्या दारात. चेहरा बिलकुल शांत.

"युसूफ आला ना. आता कशाला डरू?"

मला वाटलं, तापात बरळतायत. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "ताई, तुमचे भाऊ आत्ताच खाली गेले. त्यांनीच काकांचा हात धरून त्यांना समजावलं. फॉर्मवर सहीपण करून गेले."

मी जिना उतरत धावले. चहाची टपरी, पार्किंग, मेडिकल — कुठेच कुणी नाही. मोबाईलवर त्याचं विमान शोधलं. इंडोनेशियाच्या समुद्रावर होतं... सिंगापूरला उतरायला अजून पावणेदोन तास.

ऑपरेशन झालं. अब्बा वाचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी युसूफ वॉर्डात शिरला, खांद्यावर बॅग, डोळे तांबारलेले. त्याच सिस्टर ड्युटीवर होत्या. "काल हेच आल्ते की!" त्या सहज म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

मी त्याच्यापुढे फॉर्म धरला. त्याने पासपोर्ट काढून त्यातली सही शेजारी धरली.

"आपा... सही माझीच हाय."

"तू काल कुठं होतास?"

"विमानात. झोपलो होतो... मला काहीच आठवत न्हाई."

पासपोर्टवर मुंबईचा शिक्का आदल्या रात्रीचा. मी स्वतः पाहिला.

आता स्टाफरूममध्ये म्हणतात, मॅडम, तुम्हीच सही ठोकली असेल. चुलतभाऊ तर तोंडावर म्हणाला. अरे, कशासाठी? मुलगी म्हणून सही करायचा हक्क मला होताच! करायची असती तर स्वतःच्या नावाने, ठळक अक्षरात केली असती. आणि सिस्टरने पाहिलेला माणूस कोण? अब्बांचा हात धरून बसला तो कोण?

अब्बांना विचारलं की ते एवढंच म्हणतात, "पोरगा आल्ता. त्यात काय विचारायचं?"

हे कसं घडलं, मला माहीत नाही. माझ्या कुठल्याच नकाशात ते बसत नाही. पण घडलंच नाही असं कुणी म्हणत असेल, तर ते मी ऐकून घेणार नाही — तुमचंही नाही.