आठव्या धड्यापर्यंतचं लॅटिन

लोइस पेटीग्रूच्या घरात लॅटिन शिकवायच्या पुस्तकांचे पाच संच होते आणि निबंधलेखनाचे चार. लॅटिन मात्र घरात कुणाला येत नव्हतं, आणि निबंध अजून एकही पुरा लिहून झाला नव्हता.

यात लोइसचा आळशीपणा होता असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. अमेरिकेतल्या दक्षिण मिसुरीच्या त्या डोंगराळ भागात तिच्याइतकी राबणारी आई शोधून सापडली नसती. नऊ वर्षांपूर्वी तिची टॅबिथा दुसरीत होती आणि अक्षरं नाचतात म्हणून रोज रडत घरी यायची. लोइसने एक दिवस तिला शाळेतून काढलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर शाळा मांडली. त्या टेबलावर गणित झालं, इतिहास झाला, बेडकाची चिरफाडही झाली. त्या दिवशी तिचा नवरा ड्वेन बाहेर जेवून आला.

शुक्रवारी चर्चच्या तळघरात घरी शिकवणाऱ्या आया जमत. मुलं मिळून प्रयोग करत, आया मिळून काळजी करत. या मंडळींत लॅटिनला पर्याय नव्हता. लॅटिन आलं की तर्क येतो, शब्द येतात, कॉलेजवाले दार उघडून उभे राहतात. ज्यांच्या मुलांना लॅटिन येत होतं त्या हे सांगत, आणि ज्यांच्या मुलांना येत नव्हतं त्या जास्त जोरात सांगत.

टॅबिथा अकरा वर्षांची झाली तेव्हा पहिला संच आला. पहिल्या धड्यात एक खलाशी होता आणि गुलाब वेचणारी एक मुलगी. सगळं सुरळीत चाललं होतं. आठव्या धड्याच्या आसपास गाडं अडलं. टॅबिथा खिडकीबाहेर बघायला लागली. लोइसने दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा समजावता समजावता पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "हा संच आपल्यासाठी नाही गं."

दुसऱ्या संचात गाणी फार होती. तिसऱ्यातला पडद्यावरचा मास्तर भरभर बोलायचा. चौथ्याची छपाई बारीक. पाचव्यात रोमन देवदेवता जरा जास्तच झाल्या होत्या, आणि हे लोइसच्या नेमकं आठव्या धड्यात ध्यानात आलं. दर वेळी नवा संच पहिल्या धड्यापासून, कारण पाया पक्का हवा. पाच वर्षं तो खलाशी बोटीतच उभा होता आणि ती मुलगी गुलाबच वेचत होती.

लेखनाचीही तीच तऱ्हा. आधी मुद्दे काढा, मग ते रंगीत पेन्सिलींनी रंगवा, मग परिच्छेदाचा सांगाडा करा. सांगाडे रग्गड झाले, पण त्यांच्यावर मांस काही चढलं नाही. सोळाव्या वर्षी टॅबिथाने स्वतःबद्दल निकाल लावून टाकला होता. कुणी विचारलं तर ती सरळ सांगायची, "मी जरा मंद आहे." तिच्या आवाजात रडगाणं नसे. लोइसला तेच जास्त लागायचं.

एप्रिलमध्ये ड्वेनने तोंड उघडलं. तो गॅसचा टँकर चालवायचा, आणि महिन्यातून एकदाच बोलायचं असा नेम असल्यासारखा माणूस.

"लोइस, पोरीची दोनच वर्षं राहिलीत. ऑगस्टपर्यंत गाडी रुळावर आली तर ठीक. नाहीतर सरकारी शाळेत घालू."

"ते तिला नववीत बसवतील! सोळा वर्षांची घोडी चौदाच्या पोरांत?"

"मग बसेल. बसून काही शिकेल तरी."

 नऊ वर्षं लोइसने दुसरं काही केलं नव्हतं. या खेपेचा संच चुकला तर त्या नऊ वर्षांवर बोळा फिरणार होता, आणि पोरगी लहान मुलांच्या बाकावर बसून 'मंद' हा शब्द जन्मभर जवळ बाळगणार होती.

मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी चर्चच्या सभागृहात जुन्या पुस्तकांचा बाजार भरला. लोइस यादी करून गेली, टॅबिथाला बरोबर घेऊन. दारातच मर्ना डाऊड भेटली. हिला पाच पोरं आणि पाचही लॅटिनवाली.

"आमच्या धाकट्याने परवा जेवणाआधीची प्रार्थना लॅटिनमध्ये म्हटली बाई," मर्ना म्हणाली. "देवाला कळली असेल. मला काही नाही कळली, मी आपलं आमेन म्हटलं. तुझं काय, पुन्हा नवा संच?"

"पुन्हा" या शब्दावर मर्नाने किंचित वजन टाकलं होतं. लोइसने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

कोपऱ्यातल्या टेबलामागे ओपल फेनिमोर बसल्या होत्या. शहरातल्या शाळेत त्यांनी तीस वर्षं लॅटिन शिकवलं होतं, आणि आता डोळे साथ देईनात म्हणून पुस्तकं वाटून टाकत होत्या. लोइसने त्यांच्यापुढे दोन संच ठेवले.

"ओपलबाई, तुम्हीच सांगा. मुलीला झेपेल असा यातला कुठला?"

ओपलबाईंनी संचांकडे पाहिलंच नाही. "तू ये इकडे," त्या टॅबिथाला म्हणाल्या. "किती शिकलीस? म्हणून दाखव."

टॅबिथाने म्हणून दाखवलं. खलाशी, गुलाब, रस्ता, राणीची दासी, सगळं धडाधड, न अडखळता. शेजारच्या टेबलावरच्या दोन आया वळून बघायला लागल्या. लोइसची मान ताठ झाली.

"अगं, तुझा तर सातव्यापर्यंत सगळा पाठ आहे! माझ्या वर्गात असं म्हणणारी मुलं हातावर मोजण्याइतकी होती. आता आठवा म्हण."

टॅबिथाने आईकडे पाहिलं.

"आठवा अवघड गेला?"

"आठवा झालाच नाही."

"कुठल्या पुस्तकातला?"

"कुठल्याच."

लोइस मध्ये पडली. "पाच संच झाले, बाई, एकही बरा नव्हता."

"पाचही?" ओपलबाईंनी विचारलं.  म्हातारीने पुढ्यातले दोन्ही संच उचलून आपल्या टेबलाखाली सरकवले. "आज काही घ्यायचं नाही. घरी जा. ही मुलगी आठव्या धड्यात का अडते ते तिलाच एक पान लिहू दे. मुद्दे नकोत, रंग नकोत, सांगाडा नको. मग हवं तर ये."

परतीच्या वाटेवर लोइस धुमसत होती. नऊ वर्षांत ती त्या बाजारातून रिकाम्या हाताने कधी परतली नव्हती. पण म्हातारी तीस वर्षं शिकवलेली. घरी पोचल्यावर तिने टेबलावर कोरा कागद ठेवला आणि ती अंगणात वाळलेले कपडे काढायला गेली.

ती आत आली तेव्हा पान भरलं होतं. टॅबिथा समोरच बसली होती, उठून गेली नव्हती. लोइसने सवयीने लाल पेन्सिल उचलली आणि वाचायला लागली. पहिल्या तीन ओळींतच शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या.

'सातव्या धड्यापर्यंत आई पुस्तक बंद करून शिकवते. आठव्यात ती पुस्तक उघडं ठेवते. मग ती उत्तरांचं पुस्तक मांडीवर घेते. मी बाहेर बघते, म्हणजे तिला ते नीट बघता येतं. मग ती म्हणते हा संच बरा नाही. मला आठवा धडा कळत नाही, कारण तो मला कुणी सांगितलेला नाही. आईला तो येत नाही. ती वाईट शिकवत नाही. सात धडे तिने इतके चांगले शिकवले की ते मी विसरूच शकत नाही.'

लोइसने पान दोनदा वाचलं. खोटं पाडायला एकही वाक्य सापडेना. नऊ वर्षांत टॅबिथाने लिहिलेलं पहिलं पुरं पान होतं ते, आणि वाचणाऱ्याला मध्येच थांबता येत नव्हतं.

"तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"दुसऱ्या संचापासून."

"म्हणजे बारा वर्षांची असल्यापासून? मग बोलली का नाहीस गं?"

टॅबिथाने खांदे उडवले. "मग तुला वाटलं असतं की तू मंद आहेस. त्यापेक्षा मी बरी. मला सवय होती."

लोइसला रडू फुटलं. तोंडावर हात घेऊनही ते थांबेना. टॅबिथा उठली, पाण्याचा पेला आणून तिच्यापुढे ठेवला आणि परत जागेवर बसली. आईला रडताना बघायची तिला सवय नव्हती.

तेवढ्यात ड्वेन कामावरून आला. बूट काढता काढता त्याने टेबलाकडे पाहिलं. तिथे नवीन काही दिसेना, म्हणून त्याने विचारलं, "मग? कुठला संच ठरला?"

लोइसला थाप मारता आली असती. बाजारात चांगलं काही आलंच नव्हतं, एवढं म्हणून भागलं असतं. खरं सांगणं म्हणजे ड्वेनच्या हातात ऑगस्टचा निकाल आपण होऊन देणं. टॅबिथा तिच्याकडे बघत होती, आणि मग आईची सोय म्हणून ती खिडकीकडे वळायला लागली.

"इकडे बघ," लोइस तिला म्हणाली. मग ड्वेनला म्हणाली, "संच सगळे चांगले आहेत. पोरगीही चांगली आहे. लॅटिन मला येत नाही, ड्वेन. आठव्या धड्याच्या पुढचं मला कधीच आलं नाही, आणि मी ते हिच्या माथी मारलं."

ड्वेन एक बूट हातात घेऊन उभा राहिला. पाच वर्षं ज्या वाक्याची त्याने वाट पाहिली होती ते समोर आलं होतं, आणि आता त्याला ते नको होतं. "मग आता काय करायचं?" त्याने विचारलं, पण बायकोला नाही, पोरीला.

टॅबिथाने फळीवरून पहिला संच काढला, सात धड्यांची पानं एकदम उलटली आणि पुस्तक आईच्या आणि आपल्या मध्ये उघडं ठेवलं.

"सोमवारी ओपलबाईंकडे जायचं. आम्ही दोघींनी," ती म्हणाली. "आई, तू माझ्या शेजारी बस. शिकवायला नाही. शिकायला."