शेपटीवरचे डोळे

माझ्या मेहुण्याइतका डोक्यात जाणारा माणूस पेणपासून रोह्यापर्यंत दुसरा नाय, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगीन. धाटावच्या कंपनीतला फिटर. रिटायर झाल्यावर माणसं गप घरी बसतात, यानं रोह्यात शेड घालून विमान बांधलं! उडवायची परवानगी नाय, म्हणून भात कापलेल्या शेतातून नुसतं पळवतो. आणि पळवलं की शेपटीच्या दोन आडव्या फळ्या थडथड थरथरतात. त्या थरथरीनं आमचा जीव खाल्ला. लग्नाच्या पंगतीत वाकला की याच्या खिशातून पाना पडतो. बिजागऱ्या बदलल्या, तारा ताणल्या, मला शेतात पालथा झोपवला. "भावजी, कुठली फळी आधी हलते बघा." काय बघू? तोंडभर धूळ! बायकोच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवला, मी रडतोय, आणि हा तिचा सख्खा भाऊ माझ्या कानात सांगतो, "उतरताना कावळ्याची शेपटी बघितलीत? जरा पण थरथरली नाय." तिथंच ठेवून देणार होतो एक.

शेवटी त्याला थरथरीचं कारण कळलं. फळी बिजागरीवर मोकळी सोडली की मागची कड खाली पडते. म्हणाला, "मागं रंग जड झालाय. खरवडायला लागंल."

तो रंग माझ्या बायकोच्या हातचा. पेणजवळ जोह्याच्या कारखान्यात मी साच्यातून गणपती काढायचो, ती डोळे आखायची. आखताना श्वास धरायची. मधेच कुणी बोललं तर शिवी घालायची. जायच्या आधी भावाच्या हट्टासाठी दोन फळ्यांवर दोन डोळे आखून गेली, रंगाचे थरावर थर देऊन. मी ओरडलो, "अरे, जन्मभर आखलेले डोळे दर वर्षी पाण्यात गेले तिचे! ही एक जोडी उरली. हात लावून बघ!"

तोही तडकला. "तुमची बायको, मग माझी कोण नव्हती काय?"

मी न जेवता एसटी धरली.

आठ दिवसांनी फोन करून त्यानंच बोलावलं. डोळे होते तसेच. बिजागरीच्या पुढच्या अंगाला यानं मासे धरायच्या जाळ्याचं शिसं वितळवून बसवलेलं, फळी तराजूसारखी आडवी राहिली होती.

"आता विमान जड झालं ना, शहाण्या?"

"म्हणून तर रात्रीचा भात सोडलाय." एवढं पोट सुटलेलं, आणि म्हणे भात सोडला!

त्यानं विमान पळवलं. मी मागं उभा. फळ्या हलल्या नायत. ते दोन डोळे माझ्याकडं बघत बघत पार बांधापर्यंत लांब गेले, आणि तोवर मी श्वास धरून होतो.