वेदरबी हाइट्समधले पितर

सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी भागूबाईंनी वेदरबी हाइट्सच्या लॉबीत आठ इंग्रजांना झेंडूचे हार घातले, उदबत्ती ओवाळली, केळीच्या पानावर भात, आमटी, गवारीची भाजी आणि वडे असं सगळं वाढून पुढं ठेवलं. आणि दुपार व्हायच्या आत त्या आठांतला एक जण बायकोला विष घालून फासावर गेलेला निघाला. यात भागूबाईंची काडीची चूक नव्हती. ते आठही जण भिंतीवर मी टांगले होते.

मी बिल्डर लोकांच्या पुस्तिका लिहितो. म्हणजे जे बांधायचं नसतं त्याचं वर्णन करतो. मारुंजीच्या रस्त्याला विलासशेठनी ही बावीस मजली इमारत उभी करायला घेतली, तेव्हा नावासाठी मला बोलावणं आलं. "नाव असं पाहिजे राव, की गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे आपण मारुंजीत नाहीच," ते म्हणाले. त्यांचं खरंच होतं. आपण जिथं राहतो तिथं राहत नाही असं वाटावं, म्हणून आमच्या पट्ट्यात माणसं वीस-वीस वर्षं हप्ते भरतात. अडचण एवढीच होती की लंडनमधले रस्ते, बागा आणि राजवाडे आधीच्या बिल्डरांनी वापरून संपवले होते. म्हणून मी इंग्रजांच्या आडनावांकडे वळलो. इंटरनेटवर शोधता शोधता 'वेदरबी' सापडलं. सुरुवातीलाच वेद आला म्हणून विलासशेठ खूश झाले आणि त्यांनी चहा मागवला.

तेवढ्यावर मी थांबलो असतो तर हा मजकूर लिहावा लागला नसता. पण त्याच पानावर खाली या आडनावाच्या नामवंत व्यक्ती दिल्या होत्या, आणि फुकट मिळालेले नामवंत सोडवत नाहीत. एक आरमाराचे ॲडमिरल, एक बिशप, एक कवयित्री, नेच्याच्या कुठल्याशा जातीला ज्यांचं नाव दिलंय असे एक वनस्पतिशास्त्रज्ञ, एक घड्याळजी, खाडी पोहून गेलेली एक बाई आणि एकच कसोटी खेळून घरी गेलेला एक क्रिकेटपटू. आठव्याच्या मिशा इतक्या भारदस्त होत्या की पुढचं वाचायची मला गरजच वाटली नाही. नामवंतांत दिलाय त्या अर्थी नाव मिळवलेलंच असणार. ते त्यानं कोर्टात मिळवलं होतं, हे मला कोण सांगणार? आठही जणांना सोनेरी चौकटी केल्या, खाली पितळी पट्टीवर एकेक ओळीत मोठेपण कोरलं, आणि विलासशेठनी बक्षीस म्हणून चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट मला जरा कमी भावात दिला. अशा रीतीनं मीही वेदरबीकर झालो.

आता भागूबाई. ही इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांची. म्हणजे त्यांच्या मालकांची, गेनबांची. मोबदल्यात पहिल्या मजल्यावरचे फ्लॅट त्यांना आणि त्यांचा मुलगा गोरक्ष याला मिळाले. गोरक्ष चाकणला कंपनीत आहे. तिथं तो दीडशे माणसांची शिफ्ट सांभाळतो आणि घरी आला की आईच्या खोलीवरून चपला हातात घेऊन जातो.

भागूबाईंचा मुक्काम फ्लॅटमध्ये कमी आणि लॉबीत जास्त. पाहुण्यांनी टेकावं म्हणून ठेवलेल्या पांढऱ्या सोफ्यावर मांडी घालून त्या मेथी निवडत बसायच्या. सोसायटीच्या नियमांत लॉबीत मेथी निवडू नये असं कुठंच नसल्यामुळं सेक्रेटरी पूनम मॅडमचा नाइलाज होता. पूनम मॅडम आयटीतल्या, माणसांच्या खात्यातल्या. कुणालाही न दुखावता कामावरून काढायचं कसब त्यांच्याकडे होतं, पण भागूबाईंना कशावरून काढणार? समोर काचेआड जिम. तिथं पट्ट्यावर पळणाऱ्यांकडे बघून भागूबाई म्हणायच्या, येवढं रानात चालली असती तर बांध तरी झाला असता. पोहण्याच्या तलावाबद्दल त्यांचं एकच दुखणं होतं, की माझ्या हिरीचं चांगलं पानी ह्यांनी निळं केलं.

कारण पाणी त्यांच्या विहिरीचं होतं. नळाचं पाणी लवकरच येत असल्याचं पुस्तिकेत छापलेलं आहे. तेही मीच लिहिलेलं. येईपर्यंत बावीस मजल्यांची अंघोळ, भांडी आणि कारंजं सगळं त्या विहिरीवर. इमारतीच्या मागच्या कोपऱ्यातला तो तुकडा भागूबाईंनी विकला नव्हता. ती विहीर दोघा नवरा-बायकोनं दोन उन्हाळ्यांत खणली होती. गेनबा खाली पहारीनं दगड फोडायचे आणि भागूबाई वरून पाट्या ओढायच्या. गेनबा काही देवमाणूस नव्हते. रागीट, चिक्कू, आणि न विचारता कुणी कळशी भरली तर मागं काठी घेऊन पळणारे. बायकोशी त्यांचं सबंध आयुष्यातलं बोलणं गोळा केलं तर एका व्हॉट्सॲप मेसेजात बसेल. पण ते गेल्यावर भागूबाईंना एक गोष्ट टोचू लागली. त्यांच्या रीतीप्रमाणं नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नसतं. लग्नात उखाण्यातून घेतलं तेवढंच. त्यानंतर 'आवं' आणि 'गोरक्षाचा बा'. आता नाव घेणारी बाकीची माणसंही एकेक करून गेली. म्हणजे गेनबा हे नाव या जगात कुणीच उच्चारत नव्हतं.

म्हणून भूमिपूजनाच्या वेळी नारळ हातात असतानाच त्यांनी विलासशेठना अडवलं. इमारतीला मालकांचं नाव द्यायचं, तर माझी हीर तुमची. विलासशेठनी "दिलं आजी, आबांचंच नाव" म्हणून नारळ फोडला. एका नारळावर दोन शब्द दिले गेले, आणि कागदावर दोन्हींतला एकही चढला नाही.

इमारत पुरी झाली. गच्चीवर इंग्रजीतली निळी अक्षरं लागली. भागूबाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी गोरक्षाला विचारलं, आबांचं नाव हाय न्हवं? गोरक्ष चप्पल शोधत म्हणाला, "हाय की. इंग्रजीत हाय."

झालं. त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला अक्षरं उजळली की भागूबाई गेटाबाहेर जाऊन वर बघायच्या आणि हात जोडायच्या. मावळातनं धाकट्या बहिणीला, तानुबाईला, मुद्दाम बोलावून घेतलं आणि वर बोट दाखवून सांगितलं, त्यो बघ तुझा दाजी. तानुबाईनं डोळ्याला पदर लावला. वर वेदरबी चमकत होता. मी चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून हे बघायचो आणि मला वाटायचं, काय ही आधुनिक आजी, ब्रँडचा किती अभिमान.

लॉबीतल्या आठ जणांचा अर्थही त्यांनी आपल्या परीनं लावला होता. आपल्या मालकांच्या नावाच्या घरात ही मोठ्या चौकटीतली माणसं टांगलीत, म्हणजे आसपासची कुणीतरी जमीनवाली असणार. गोरी हायेत, पण शेठलोक फोटोला रंग लावून घेतातच. कुणी त्यांना साधं फूल वाहत नाही, सणावाराला पान वाढत नाही. आपल्या दारात आलेले पितर उपाशी राहिले तर बोल आपल्या मालकांना. म्हणून त्या अमावास्येला हार, उदबत्ती आणि गवारीची भाजी.

पूनम मॅडमनी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली 'किती गोड' लिहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या विक्कीला घरून काम असतं, म्हणजे काम नसतं. त्यानं मिशाळ वेदरबीचं नाव शोधून पाहिलं आणि विषाची बाटली, कोर्ट आणि फाशीची तारीख ग्रुपवर टाकली. पाच मिनिटांत अर्धी सोसायटी लॉबीत. इमारतीच्या किमतीवर याचा काय परिणाम होईल, हा सगळ्यांचा प्रश्न. त्या मेलेल्या बाईबद्दल कुणाचा प्रश्न नव्हता. मिशाळाला हारासकट उतरवण्यात आलं. लोक माझ्याकडे बघत होते आणि मी कवयित्रीकडे बघत होतो.

भागूबाईंना एवढंच कळलं की कायतरी चुकलं. पूनम मॅडम त्यांच्याजवळ बसल्या आणि फार प्रेमानं समजावू लागल्या, की आजी, तुमची चूक नाही, पण हे आपले पूर्वज नाहीत, हे इंग्लंडचे. ज्यांच्या नावाची ही बिल्डिंग आहे ना, त्या आडनावाचे मोठे लोक.

"यांच्या नावाची?" भागूबाई म्हणाल्या.

"हो ना. वर बोर्डावर आहे बघा. वेदरबी."

अमावास्येची रजा काढून घरी थांबलेल्या गोरक्षाकडे भागूबाईंनी पाहिलं. दीडशे माणसांची शिफ्ट सांभाळणारा गोरक्ष मिशाळाच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिला. त्यावरून त्यांना सगळं कळलं. दीड वर्षं रोज संध्याकाळी आपण कुणाला हात जोडत होतो, हे सुद्धा.

त्या उठल्या. काठी टेकत एकेका चौकटीपुढं गेल्या आणि मला विचारत गेल्या, याची किती गुंठं गेली? ॲडमिरलांची? नाही. बिशपांची? नाही. नेचेवाल्याची? मी मान हलवत राहिलो. सातही झाल्यावर त्या वळल्या आणि उखाण्यानंतर पहिल्यांदाच, सगळ्यांच्या देखत, ते नाव उच्चारलं.

"गेनबा. गेनबा नाव हाय आमच्या मालकाचं."

मग त्या मागं पंपाच्या खोलीवर गेल्या, कुलूप घातलं, आणि किल्ली कनवटीला खोचली.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. नवरात्राच्या धुण्याचे ढीग बाथरूमांत, पाहुणे वाटेत, आणि नळ कोरडे. टँकर मागवला तर तो रस्त्यावरच्या गर्दीत असा अडकला की येईपर्यंत निम्मा सांडला होता. जगभरच्या कंपन्यांचा कारभार चालवणारी माणसं बादल्या घेऊन गेटावर एकमेकांना आपला फ्लॅट नंबर सांगत भांडू लागली. वॉचमनचा भाव वधारला. तलावातलं निळं पाणी कुणीतरी पहाटेच उपसून नेलं होतं. त्या घरातले पडदे निळसर झाक आल्यामुळं आठवडाभर ओळखू येत होते.

कमिटी बसली. नाव बदलणं किती अवघड, हे प्रत्येकानं सांगितलं. बँकांची कर्जं, आधारचे पत्ते, परदेशातल्या भाच्याला पाठवलेले फोटो. विलासशेठ फोनवर म्हणाले की शब्द दिला होता खरा, पण नारळाला साक्षीदार कोण? मग तोडगे निघाले. क्लबहाउसला गेनबांचं नाव द्यावं. पार्किंगच्या तळघराला द्यावं. एकानं बाकाचं सुचवलं. भागूबाई सोफ्यावर मेथी निवडत सगळं ऐकत होत्या आणि काडी तेवढी मोडून बाजूला टाकत होत्या.

शेवटी मी माझी अक्कल पुढं केली. मिशाळाची जागा रिकामी आहेच, तिथं गेनबांचा फोटो लावू, आणि दालनाची शिस्त मोडू नये म्हणून खाली लिहू: गेनबा वेदरबी. म्हणजे नावही आलं आणि ब्रँडही राहिला. कमिटीनं टाळ्या वाजवल्या. भागूबाईंनी शांतपणे विचारलं, की मेलेल्या माणसाला दत्तक देत्यात व्हय तुमच्यात? टाळ्या थांबल्या. सोसायटीत पाणी नसण्याचा तो दुसरा दिवस होता आणि पूनम मॅडमच्या सासूबाई नांदेडहून निघाल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी ग्रुपवर मतदान झालं. वेदरबीच्या बाजूनं एकही मत पडलं नाही. नामवंतांचं असंच असतं. पाणी आटलं की कुणी ओळख दाखवत नाही. दुपारी गच्चीवर माणसं चढली. हाइट्स तेवढं ठेवलं, कारण ती अक्षरं चांगली होती. वेदरबी उतरलं आणि त्या जागी मराठीत, भागूबाईंना खालून वाचता येईल एवढ्या अक्षरांत, गेनबा चढला. कागदोपत्री व्हायचं तेव्हा होईल. गोरक्ष शिडी धरून उभा होता, सांगितलेलं नसताना. भागूबाई गेटाबाहेर गेल्या, अक्षरं एकेक करून मोठ्यानं वाचली, मग पंपाच्या खोलीकडे वळल्या. बावीस मजल्यांवर एकदम नळ फुसफुसले.

सात वेदरबी अजून लॉबीत आहेत. चौकटींचे पैसे सोसायटीनं दिलेत, त्यामुळं त्यांना काढायचा ठराव पास होत नाही. गेनबांची चौकट मात्र दारासमोर लागायची होती आणि पट्टीवरचा मजकूर पुन्हा माझ्याकडेच आला. मी सकाळी वही घेऊन भागूबाईंकडे गेलो. ओल्या केसांनिशी, नीट भांग पाडून. म्हटलं, आजी, या सगळ्यांच्या खाली एकेक ओळ आहे. कुणी ॲडमिरल, कुणी कवयित्री, कुणी खाडी पोहलेली. आबांचंही काहीतरी नामवंत पाहिजे. प्रगतिशील शेतकरी लिहू? समाजभूषण? काय केलं होतं त्यांनी विशेष?

भागूबाईंनी माझ्याकडे पायापासून भांगापर्यंत पाहिलं.

"आज अंगूळ केलीस न्हवं?"