हळदीकुंकू आणि नातीचं प्रॅक्टिकल

आमच्या नातीने मानसशास्त्रात एम.ए. करायचं ठरवलं, तेव्हा आमच्या घरात कुणालाही काही झालेलं नव्हतं. (निदान तपासलेलं तरी नव्हतं.)

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मुक्ता सांगायची, "आजी, माणसाला बोलतं कसं करायचं, ते शिकवतात." शनिवार पेठेत माणसाला बोलतं करायला कॉलेज लागतं? इथे माणसाला गप्प करायचं कॉलेज काढा, प्रवेशाची रांग नदीपर्यंत जाईल!

तिचा बाप, म्हणजे माझा शिरीष, खडकीला कारखान्यात. तो म्हणाला, "लोकांची रडगाणी ऐकायला एम.ए. कशाला? मी रोज कँटीनमध्ये ऐकतो."

त्यात मुक्ताचं प्रॅक्टिकल अडलं. घरचं नसलेलं एक माणूस हवं होतं, दर आठवड्याला तिच्यासमोर बसून मनातलं बोलणारं. महिनाअखेरपर्यंत नाही मिळालं, तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की मामाच्या ऑफिसात चिकटायचं, हे बापाने जाहीर केलेलं. पोरगी दारोदार विचारून आली. सगळ्यांचं उत्तर एकच, "आम्हाला काय धाड भरलीये?" तिने जेवण टाकलं. मग मला डोकं चालवावं लागलं. तिथेच घात झाला.

संक्रांतीचं हळदीकुंकू तोंडावर होतं. दर वर्षी आपण वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटतो आणि दुसऱ्यांचे डबे घरी आणतो. मी म्हटलं, यंदा डबे नकोत. यंदा वाण म्हणून मुक्ता! हळदीकुंकू घ्या, तिळगूळ घ्या, आतल्या खोलीत दहा मिनिटं बसून या.

"आजी, समुपदेशन असं वाटत नाहीत!"

"मग काय वाटू? गेल्या वर्षी चाळण्या वाटल्या. कुणी काही चाळलं?"

पहिली आली समोरच्या दारातली सुमन. आतल्या खोलीचं नाव काढताच मागे सरली.

"अहो वहिनी, मला काही झालेलं नाही!"

"वाण आहे. वाणाला नाही म्हणतेस? तेही सणासुदीचं?"

बिचारी गेली. दहा मिनिटांची तीस झाली. बाहेर बायका खोळंबल्या, तिळगूळ संपत आला. शेवटी सुमन नाक पुसत बाहेर आली, थेट माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, मी काहीही करून आणलं की तुम्ही 'वेगळं लागतंय' म्हणता. मला ते आवडत नाही."

"मग काय खोटं बोलू?"

"बघा!" ती सगळ्यांकडे वळून म्हणाली. सगळ्यांनी बघितलं.

मग वरच्या मजल्यावरच्या पेंडसेबाई. त्या बाहेर आल्या त्याच ताठ मानेने. "कुंड्यांचं थोडं पाणी खाली आलं की तुम्ही 'अभिषेक पावला' म्हणून जिन्यात ओरडता. मला धडधडतं!"

"मग ओतू नका!"

तिसरी म्हणाली, मी जिन्यात गाठून चौकशा करते म्हणून ती घराबाहेर पडायच्या आधी कानोसा घेते. चौथीचंही गाऱ्हाणं तेच, फक्त साडीचा रंग वेगळा! मी मुक्ताला दारातच गाठलं.

"काय गं, आत काय पढवतेस?"

"काही नाही. फक्त विचारते, त्रास कशाचा होतो?"

"मग काय सांगतात?"

"ते गुप्त असतं, आजी."

गुप्त! अख्ख्या इमारतीने ऐकलं, एवढं गुप्त!

तेवढ्यात आमचे हे बागेतून परत आले. बायकांचा कार्यक्रम म्हणून मीच त्यांना घालवलं होतं. आतल्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं बघून सरळ आत शिरले.

"अहो, ते बायकांचं आहे!"

दाराला आतून कडी लागली. हे बाहेर आले ते फार शांत चेहऱ्याने. म्हणाले, "उद्यापासून माझा चहा मी करून घेईन." बस, एवढंच. जन्मभर मुकाट्याने माझा चहा प्यायलेला माणूस! बायकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच वेळी शिरीष कामावरून आला. दारापासून जिन्यापर्यंत चपलाच चपला बघून पांढराफटक पडला.

"कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. तुझ्या लेकीकडे गर्दी आहे."

त्याने रांग बघितली, रुमालाने नाक पुसणाऱ्या बायका बघितल्या. मग बूट काढत हळूच म्हणाला, "यात बराच स्कोप दिसतोय."

निघताना सुमन मुक्ताला म्हणाली, "दर गुरुवारी मी येईन. पण विषय माझा." विषय कोणता, हे कुणी विचारलं नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

सुमन सगळे गुरुवार आली. मी चहा घेऊन दाराशी गेले की आतलं बोलणं थांबायचं. मुक्ता चांगल्या गुणांनी पास झाली, मामाचं ऑफिस टळलं. परवा सुमनने थालीपीठ आणलं. मी चव घेतली आणि सवयीने म्हटलं, "वेगळं लागतंय."

"मग नका खाऊ," ती हसत म्हणाली आणि ताटली उचलून घेऊन गेली. थालीपीठ चांगलं झालं होतं हो!

आता इमारतभर मुक्ताच्या हाताला गुण आहे म्हणतात. असेलही. पण तिला एवढा खात्रीचा आजार पुरवला कुणी, हे कुणी विचारत नाही!